ज्याचा प्रश्न, त्याची आज्ञावली

संगणकाकडून काम करवून घेण्याची विद्या ही मूठभर तज्ज्ञांची मिरास राहावी, की ज्याच्यापुढे हिशेबाचे, यादीचे वा आकडेमोडीचे काम येऊन पडले आहे अशा कोणाही साक्षर माणसाला ती हस्तगत करता यावी, हा वाद संगणकाच्या जन्माबरोबरच उपस्थित झाला आणि अद्याप मिटलेला नाही. प्रस्तुत ग्रंथ दुसऱ्या पक्षाचा आहे, आणि प्रस्तावना लिहिण्याचे काम ज्याच्याकडे आले तो मीही त्याच पक्षाचा आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे. तथापि या पक्षातल्या पुष्कळांशी माझा एक मूलभूत मतभेद आहे. आज्ञावली लिहिणे सोपे करायचे म्हणजे तिच्यातली दुर्बोध चिन्हे काढून त्या जागी रोजच्या बोलण्यातले शब्द घालायचे, अशी त्यांची समजूत असते. मला मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहता असे वाटते की शब्दांचा वाटा त्यात सर्वांत लहान आहे, आणि ज्याचा प्रश्न आहे त्यालाच स्वतःच्या हाताने तो यंत्रापुढे मांडण्याची मुभा असणे, चुकल्यास तत्काळ कळणे व पुन्हा मांडता येणे, या गोष्टींचा वाटा फार मोठा आहे.

शब्दांच्या बाजूने जो प्रयत्न झाला तो काही सामान्य नव्हता. अमेरिकन नौदलाच्या सेवेत राहिलेल्या गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५०च्या दशकात असा आग्रह धरला की व्यापारी पेढ्यांतल्या आणि सरकारी खात्यांतल्या माणसांना बीजगणिताची अक्षरे नकोशी वाटतात, तेव्हा त्यांच्यासाठी यंत्राला द्यायच्या आज्ञा साध्या इंग्रजी वाक्यांतच लिहिता आल्या पाहिजेत. त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ या भाषेच्या पायावर, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने १९५९ साली जमलेल्या समितीने ‘कोबॉल’ रचली. बेरीज करायची तर ‘अमुक रक्कम तमुक रकमेत मिळवा’ असे अक्षरी लिहायचे, ही तिची धाटणी. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचे कारभार या भाषेवर कित्येक दशके चालले व काही ठिकाणी आजही चालतात, म्हणून तिला अयशस्वी म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु ज्या कारकुनासाठी ही वाक्ये इतकी सोपी केली त्याने ती कधी लिहिली नाहीत. ती लिहिणारा एक स्वतंत्र पगारी वर्ग निर्माण झाला; कारकुनाने आपली गरज अर्जाने कळवायची, त्या वर्गाने ती सवडीने मनावर घ्यायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी निराळेच हाती ठेवायचे, असा दस्तुर पडला. वाक्य वाचता आले म्हणून यंत्राच्या खोलीचे दार काही उघडले नाही.

ते दार प्रथम उघडले न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ कॉलेजात, आणि ते उघडणारे दोघेही गणिताचे अध्यापक होते: बुडापेस्टमध्ये जन्मलेले जॉन केमेनी, ज्यांनी तरुणपणी काही काळ आइन्स्टाइन यांचे गणितातील साहाय्यक म्हणून काम केले होते, आणि त्यांचे सहकारी टॉमस कर्ट्झ. त्यांच्या कॉलेजात १९५९ पर्यंत स्वतःचा संगणकच नव्हता. सहकाऱ्यांच्या आज्ञावल्या छिद्रपत्रांवर उतरवून, ती पत्रे पेटीत भरून, कर्ट्झ दर पंधरवड्याला रेल्वेने बोस्टनकडे जात आणि तेथल्या एमआयटी या संस्थेतील आयबीएम ७०४ यंत्रावर ती चालवून घेत. एखादे चिन्ह चुकले असेल तर त्याचा पत्ता लागायचा बोस्टनला, आणि दुरुस्ती पुढच्या पंधरवड्याला. याच काळातला कर्ट्झ यांनी स्वतः सांगितलेला एक अनुभव मला या सर्व विषयाची किल्लीच वाटतो. यंत्राचा वेळ मौल्यवान, तेव्हा तो वाचवावा या सद्हेतूने त्यांनी एक आज्ञावली यंत्राच्या निकटच्या, अवघड सांकेतिक भाषेत लिहिली. काही महिने गेले, यंत्राचा सुमारे एक तास खर्ची पडला, आणि उत्तर काही निघेना. मग ज्या फोरट्रान भाषेला जाणते लोक त्या वेळी उधळी समजत तिच्यात त्यांनी तोच प्रश्न मांडला, आणि यंत्राच्या अवघ्या पाच मिनिटांत काम झाले. यंत्राचा वेळ वाचवण्याच्या नादात माणसाचा वेळ जातो हे कोणीही सांगेल. पण त्या नादात शेवटी यंत्राचाही वेळ जातो, हे कर्ट्झ यांना त्या तासाने शिकवले.

डार्टमथमध्ये त्या वेळी विज्ञान वा अभियांत्रिकी घेणारे विद्यार्थी सुमारे पाव हिस्साच होते. केमेनी आणि कर्ट्झ यांचे लक्ष होते ते उरलेल्या पाऊण हिश्श्यावर, म्हणजे इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकणाऱ्या आणि पुढे वकील, व्यापारी, शासकीय अधिकारी होणाऱ्या मुलांवर, कारण संगणकाविषयीचे निर्णय उद्या हीच मुले घेणार होती. त्यांना छिद्रपत्रांच्या रांगेत उभे करणे व्यर्थ होते. याच सुमारास एमआयटीतील जॉन मॅकार्थी यांनी कर्ट्झ यांना सुचवले की एकाच यंत्राचा वेळ अनेकांत क्षणाक्षणाने वाटून द्यावा, म्हणजे प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेत असल्यासारखे वाटेल. ही तजवीज जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रावर प्रत्यक्षात उतरवण्याचे काम बव्हंशी पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थ्यांनी केले, ही गोष्ट आमच्याकडील विद्यापीठांच्या कुलगुरूंनी सावकाश दोनदा वाचावी अशी आहे. दिनांक १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास दोन टेलिटाइप यंत्रांवरून एकाच वेळी दोन आज्ञावल्या सोडल्या गेल्या आणि दोन्हींची उत्तरे आली. त्या आज्ञावल्या ज्या भाषेत होत्या तिचे नाव ‘बेसिक’.

या भाषेच्या रचनेत जी बारीक नजर दिसते तिचा एकच मासला येथे देतो. एक ते दहापर्यंत, दोन-दोनच्या अंतराने, एखादी क्रिया पुन्हा पुन्हा करायची असेल तर फोरट्रानमध्ये ‘डू १०० आय = १, १०, २’ अशा धाटणीची ओळ लिहावी लागे. यात शंभर ही संख्या क्रियेशी संबंधित नसून ती कोठे संपते त्या ओळीचा क्रमांक आहे. तिच्यापुढे स्वल्पविराम द्यायचा की नाही, आणि शेवटचे तीन आकडे ‘१, १०, २’ या क्रमाने की ‘१, २, १०’ या क्रमाने, हे महिनाभराने परत आलेल्या माणसाला आठवणे अशक्य. कर्ट्झ यांची तक्रार नेमकी हीच होती. बेसिकमध्ये तीच ओळ ‘फॉर आय = १ टू १० स्टेप २’ अशी झाली. येथे शब्द आले खरे, पण ते वाक्य इंग्रजीसारखे दिसावे म्हणून आले नाहीत. कोणता आकडा कशाचा, हा स्मरणशक्तीवरचा भार उतरवण्यासाठी आले. पूर्णांक आणि अपूर्णांक यांचा जो भेद यंत्राच्या सोयीसाठी केला जाई तो त्यांनी विद्यार्थ्याच्या नजरेआड केला. उत्तर छापताना कोणता आकडा कागदावर कितव्या जागी यावा हे ठरवण्याची सक्ती काढून टाकली. यंत्रापुढे बसताना ‘हॅलो’ आणि उठताना ‘गुडबाय’ एवढेच टंकायचे. आणि चूक झाली तर संदेश असा यावा की तो वाचून विद्यार्थ्याला आपली ओळ दुरुस्त करता यावी, हे त्यांनी भाषेच्या उद्दिष्टांतच घालून ठेवले होते.

तरीही मी म्हणतो की भाषा हा त्या कार्याचा लहान भाग होता. वाचकाने कपाटापाशी जावे, हवे ते पुस्तक काढावे, कोणाची परवानगी मागू नये व कशासाठी हवे ते सांगू नये, अशा मुक्तद्वार ग्रंथालयासारखी संगणकाची सोय असली पाहिजे ही केमेनी-कर्ट्झ यांची भूमिका होती, आणि ती त्यांनी अक्षरशः पाळली. विद्यार्थ्याकडून यंत्राच्या वेळाचे पैसे घेत नसत आणि तो गणित सोडवतो की खेळ रचतो याची चौकशी करीत नसत. बेसिकहून सुबक अशा भाषा त्या काळी होत्या आणि पुढेही झाल्या; परंतु ओळ लिहायची, ‘रन’ म्हणायचे, काही क्षणांत उत्तर वा चूक पाहायची आणि तीच ओळ पुन्हा लिहायची, ही चक्राकार गती नवख्या माणसाला प्रथम तेथे मिळाली. पंधरवडा आणि काही क्षण यांतले अंतर हे केवळ सोयीचे अंतर नव्हे. पंधरवड्याने उत्तर येणार असेल तर माणूस चूक टाळण्यासाठी धडपडतो आणि अखेर प्रश्नच विचारीनासा होतो, तर क्षणात उत्तर येणार असेल तर तो चूक करून पाहतो.

या मुक्तद्वारावर टीका झाली नाही असे नाही. हॉलंडचे थोर संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली बेसिकवर वाढलेल्या विद्यार्थ्यांना पुढे नीट आज्ञावली लिहायला शिकवणे जवळपास अशक्य आहे अशा आशयाचे अत्यंत जळजळीत उद्गार काढले. त्यांचे निदान चुकीचे नव्हते, कारण वाटेल त्या ओळीवरून वाटेल त्या ओळीवर उडी मारण्याची बेसिकमधील मुभा लांबलचक आज्ञावलीचा खरोखरच गुंता करून टाकते. परंतु डाइक्स्ट्रा यांच्या डोळ्यांसमोर होता तो भावी व्यावसायिक. केमेनी यांच्यासमोर होता इतिहासाचा विद्यार्थी, जो आयुष्यात वीस ओळींहून अधिक लांबीची आज्ञावली बहुधा लिहिणारच नव्हता. पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला महाकाव्याच्या कसोट्या लावण्याचे कारण नाही.

पुढची वाट सर्वपरिचित असल्याने ती झपाट्याने चालून जातो. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन व वॉली फोइर्त्साइग यांनी १९६७ साली ‘लोगो’ ही भाषा मुलांसाठी रचली आणि तिच्यातल्या कासवाला चालवता-वळवता भूमिती शिकण्याची वाट दाखवली. चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याऐवजी ते दुरुस्त करण्याजोगे आहे असे मानण्याची जी वृत्ती पॅपर्ट यांनी शाळेत आणू पाहिली ती शाळांनी फारशी स्वीकारली नाही, पण एमआयटीतूनच २००७ साली आलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये ती टिकून राहिली. १९८०च्या दशकात घरोघरी आलेले लहान संगणक सुरू करताच पडद्यावर बेसिकच उभी राहत असे. आपल्याकडे १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ ही योजना काढली तेव्हा निवडलेल्या शाळांत आलेली बीबीसी मायक्रो यंत्रेही तशीच होती. नंतर मात्र चित्रांचे आणि खिडक्यांचे युग आले, तयार सॉफ्टवेअर विकत मिळू लागले, आणि पडद्यावरची ती कोरी जागा हळूहळू दिसेनाशी झाली. महाराष्ट्रात या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतल्या लक्षावधी माणसांच्या हाती संगणक दिला, ही सामान्य कामगिरी नव्हे; पण त्याचा भर स्वाभाविकपणेच तयार सॉफ्टवेअर वापरण्यावर होता, आणि वापरणारा व लिहिणारा या दोन जाती निराळ्या असल्याची समजूत त्यातून अधिकच रुजली.

ती समजूत खोटी ठरवणारा पुरावा मात्र त्याच अभ्यासक्रमात, एक्सेलच्या रूपाने, सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात शिकत असलेले डॅन ब्रिकलिन यांना १९७८ साली असे जाणवले की फळ्यावर मांडलेल्या व्यापारी कोष्टकातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, आणि ही पुसापुशी यंत्राने आपण होऊन करावी. त्यांचे मित्र बॉब फ्रँकस्टन यांनी, यंत्राचा वेळ रात्री स्वस्त मिळतो म्हणून बरेचसे रात्रीच बसून, ती कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि १९७९ साली ॲपल-२ या संगणकावर ‘व्हिजिकॅल्क’ अवतरले. त्यात भाषा शिकायची नव्हती, ‘रन’ म्हणायचे नव्हते. प्रत्येक घरात आकडा किंवा सूत्र, आणि एक घर हलले की संबंध कोष्टकाचा ताळेबंद नव्याने मांडून समोर. कीर्द-खतावणीत वाढलेल्या माणसाला यातले काहीच परके वाटले नाही. आज जगात सर्वांत अधिक आज्ञावल्या कोण लिहितो असे मला कोणी विचारले तर मी संगणक अभियंत्याकडे बोट दाखवणार नाही. मी सूत्र लिहिणाऱ्या हिशेबनिसाकडे दाखवीन, ज्याला आपण आज्ञावली लिहितो याचा पत्ताही नसतो.

पत्ता नसण्याची किंमतही पडते, आणि ती कशी पडते हे जवळून पाहण्यासारखे आहे. एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे निवृत्त खजिनदार सभासदांच्या थकबाकीवर मासिक व्याज काढीत आहेत अशी कल्पना करा. व्याजाचा वार्षिक दर त्यांनी ‘एफ१’ या घरात लिहिला आहे, पहिल्या सभासदाची थकबाकी ‘डी४’ मध्ये आहे, आणि शेजारच्या घरात त्यांनी ‘डी४’ला ‘एफ१’ने गुणून बाराने भागणारे सूत्र घातले आहे. उत्तर बरोबर आले. मग त्यांनी घराचा कोपरा पकडून सूत्र शेवटच्या सभासदापर्यंत खाली ओढले. ‘डी४’चे ‘डी५’, ‘डी६’ झाले, ते हवेच होते. पण त्याबरोबर ‘एफ१’चेही ‘एफ२’, ‘एफ३’ झाले, ती घरे रिकामी, रिकाम्या घराची किंमत यंत्राच्या लेखी शून्य, आणि पहिला सभासद वगळता सर्वांचे व्याज शून्य. सूत्रात ‘एफ’च्या व ‘१’च्या आधी डॉलरचे चिन्ह घातले असते तर दराचे घर जागचे हलले नसते. यंत्राने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या मते चूक झालीच नव्हती. आणि सभासदांपैकी कोणी तक्रार करील हे संभवत नाही, कारण व्याज माफ झाल्याची तक्रार घेऊन कचेरीत आलेला सभासद निदान माझ्या पाहण्यात नाही. अपवाद पहिल्या सभासदाचा, पण त्याला शेजाऱ्याची पावती पाहावी लागेल.

खजिनदारांनी यात ओशाळण्याचे कारण नाही, कारण शास्त्रज्ञांचीही हीच गत झाली आहे. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशी होती, आणि कोष्टकात ती टंकली की एक्सेल त्यांना सप्टेंबर व मार्च महिन्यांच्या तारखा समजून परस्पर बदलून टाकी. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत अशा चुका आहेत, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. २०२० साली जनुकांच्या नामकरणाचा अधिकार असलेल्या समितीने यावर तोडगा काढला: ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ केले, ‘मार्च१’चेही नाव बदलले. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा मानवी जनुकांचे पुन्हा बारसे करणे सोपे पडले, यावर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो. नवशिक्याला न विचारता त्याच्या वतीने निर्णय घेऊन तो लपवणे याला सुलभता म्हणता येत नाही, एवढेच नोंदवून पुढे जातो. डार्टमथच्या अध्यापकांनीही पूर्णांकांचा भेद लपवला होता. परंतु त्यांनी लपवला तो यंत्राच्या सोयीचा तपशील, आणि येथे लपला तो माणसाच्या मजकुरात झालेला फेरफार.

आज्ञा मराठीतून देता आल्या म्हणजे मराठी माणूस आज्ञावली लिहू लागेल, असे सद्भावनेने सांगणारे मित्र मला वारंवार भेटतात. त्यांना मी कोबॉलची हकीकत सांगतो. पायथॉनसारख्या भाषेतले राखीव शब्द तीन-चार डझनांच्या घरात आहेत, आणि जो पाटी-फलकांवरचे इंग्रजी वाचतो त्याला ते आठवडाभरात सरावाचे होतात. मराठीची खरी निकड निराळ्या जागी आहे: चूक झाल्यावर जो संदेश पडद्यावर येतो तो इंग्रजीत, आणि तोही जाणत्याने जाणत्यासाठी लिहिलेला, म्हणून नवखा माणूस नेमका तेथेच, म्हणजे जेथे शिकण्याचा क्षण असतो तेथेच, हात आखडता घेतो. पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९९ साली ‘सर्वांसाठी संगणक-आज्ञालेखन’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली अमेरिकन सरकारच्या संशोधन संस्थेकडे जो प्रस्ताव धाडला होता, त्यातही केवळ भाषेवर न थांबता अध्यापनाचे साहित्य आणि नवख्याला उपयोगी पडणारी साधने यांची मागणी केलेली होती. प्रस्तुत ग्रंथात प्रत्येक धड्यासोबत नेहमी येणारे चूकसंदेश आणि त्यांचा मराठीतून केलेला उलगडा दिला आहे, आणि ग्रंथाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आता तर साध्या मराठीत गरज सांगितली की आज्ञावली लिहून देणारी यंत्रे आली आहेत, तेव्हा हा खटाटोप कशाला, असा प्रश्न वाचकाच्या मनात आलाच असेल. त्या यंत्रांचा मी विरोधक नाही. अर्ज करून महिना-दोन महिने थांबण्याचा दस्तुर त्यांनी मोडला, हे त्यांचे उपकारच आहेत. परंतु खजिनदारांना ते सूत्र अशा यंत्राने लिहून दिले असते आणि त्यात दराचे घर घसरले असते, तरी शून्य व्याजाचा रकाना पाहून ‘हे काहीतरी चुकले’ असे म्हणण्याची जबाबदारी त्यांचीच राहिली असती, आणि सूत्र वाचता येत नसेल तर ती पार पाडता आली नसती. म्हणून ग्रंथकर्त्याने लिहिण्याइतकाच वाचण्यावर आणि तपासण्यावर भर दिला आहे: उत्तर आधी तोंडी अजमावावे, एक ओळ हाताने मांडून यंत्राच्या उत्तराशी रुजवात घालावी, मुद्दाम शून्य वा ऋण आकडा घालून पाहावा, अशा सवयी धड्याधड्यांतून लावल्या आहेत. पायथॉनला पुस्तकाच्या मध्यापर्यंत हातच लावलेला नाही. पहिली प्रकरणे कोष्टकावर आहेत आणि त्यांतली उदाहरणे किराणा दुकानाची उधारी, वर्गाची हजेरी, भिशीचा हिशेब अशी आहेत. वाचकाने ती सोडून आपल्याच दप्तरातली एखादी वही उघडली, तर ग्रंथकर्त्याची त्याला हरकत नाही.